टेरी टॉवेलवरील छटा : ग्राफ कागदापासून ब्लर ब्रशपर्यंत

सोलापूरच्या वस्त्रोद्योगाचा इतिहास बहुधा गिरणी, कामगार चळवळ आणि यंत्रमाग या अंगांनी लिहिला गेला आहे. १८७७ सालची जुनी गिरणी, तेलंगणातून आलेला पद्मशाली विणकर समाज, अक्कलकोट रोड एमआयडीसीतील चादरी व टॉवेलांचे कारखाने हे सर्व त्यात येते. नक्षी मागावर चढण्यापूर्वी ती आखणारा डिझायनर मात्र त्यात क्वचितच दिसतो. त्याच्या कामातील एक बारीक बाब, म्हणजे रंगाची कडा मृदू करणे, तंत्रज्ञानाच्या इतिहासाच्या दृष्टीने उद्बोधक आहे.

जकार्ड टॉवेलात लूपसाठी सामान्यतः दोन रंगांचे ताणे असतात. एक रंग दर्शनी बाजूस येतो, तेव्हा दुसरा पाठीमागे जातो. म्हणूनच टॉवेल उलटला की रंगांची अदलाबदल दिसते. निळा वर किंवा पांढरा वर, एवढाच पर्याय. फिकट निळ्याचा भास हवा असल्यास दोन्ही रंगांचे लूप एकमेकांत विखरावे लागतात. ग्राफ कागदावर चौकोन भरताना पाकळीच्या कडेला ठिपके विरळ करीत जाणे हे हाताचे कसब होते. या पद्धतीने काय साधता येते, हे लियाँ येथे १८३९ साली रेशमात विणलेल्या जकार्डच्या व्यक्तिचित्रातून दिसते. त्यासाठी सुमारे २४,००० पंचकार्डे लागली. चार्ल्स बॅबेज याच्या संग्रही त्याची एक प्रत होती. नित्य वापराच्या टॉवेलाला एवढी मृदुता परवडणे अर्थातच अशक्य होते.

१९८३ मध्ये बोनास कंपनीने इलेक्ट्रॉनिक जकार्ड प्रदर्शित केल्यानंतर कार्डाची जागा हळूहळू संगणकातील फाइल घेऊ लागली. संगणकचित्रणाचा प्रवास तत्पूर्वीच सुरू झाला होता. एडविन कॅटमल याने १९७४ च्या प्रबंधात सपाट चित्र वक्र पृष्ठभागावर चढविण्याची रीत मांडली. हॅनरहान व हेबर्ली यांनी १९९० मध्ये त्रिमितीय प्रतिकृतीवर थेट रंगविण्याची पद्धत दाखविली. अशा रंगकामातील कठोर फटकारे ब्लर ब्रशने मृदू होतात. हा ब्रश प्रत्येक बिंदूच्या रंगात शेजारच्या बिंदूंच्या रंगांची सरासरी मिसळतो. प्रतिकृतीवर गुंडाळण्यासाठी चित्र जेथे कापलेले असते, तेथे मात्र खरे शेजारी दूर पडतात. सपाट चित्रावर ब्रश फिरविल्यास त्या जागी सांधा उघडा पडतो.

टॉवेलाच्या डिझायनरपुढे हीच अडचण नक्षीच्या पुनरावृत्तीत येते, कारण उजवी कडा पुढच्या नक्षीच्या डाव्या कडेला भिडते. रंगाची अडचण त्याहून मोठी. निळ्या-पांढऱ्याची सरासरी पडद्यावर सुंदर दिसते. पण त्या छटेचे सूत बीमवर नसते. सॉफ्टवेअरने चित्र पुन्हा दोन रंगांवर आणले की मृदू कडेची एक तर पायरी होते, नाही तर विस्कळीत ठिपके. जाड, कललेल्या लूपांत असे ठिपके डागासारखे दिसतात आणि नमुना नापसंत होतो. उलट, पडद्यावर खरखरीत वाटणारी पायरी लूपांच्या कलण्यामुळे कापडावर आपोआप सौम्य होते. नवख्या डिझायनरास हे सहसा ठाऊक नसते. तो नको तेथे ब्रश फिरवितो. जुना माणूस ठिपके एकेक करून पुन्हा बसवितो, ग्राफ कागदावर बसवीत असे तसेच.

संगणकाने हे कसब संपविले, हे प्रचलित विधान त्यामुळे टिकत नाही. केवळ त्याचे साधन बदलले. अभ्यासकास याची एक व्यावहारिक बाजूही लक्षात घ्यावी लागते. फाइलमधून डिझायनरचा हेतू कळतो, छटा प्रत्यक्षात कशी उतरली हे विणलेल्या नमुन्यातूनच कळते. दोन्ही एकत्र जपलेले असतील, तरच ही तुलना शक्य होते.