सुरतेच्या ताटातला पांढरा रंग

सुरत म्हटले की मराठी माणसाला 1664 आणि 1670 ही दोनच साले आठवतात. शिवाजी महाराजांनी दोनदा लुटलेले हे शहर मला मात्र गेल्या हिवाळ्यात भेटले ते चीजच्या एका ताटातून.

मित्र मूळचा धुळ्याचा, आता उधन्यात स्थायिक. घरी पाहुणे यायचे होते आणि वहिनींना हल्ली फोटोंत दिसते तसे एका रंगसंगतीचे ताट मांडायचे होते. "भाऊजी, पांढरा आणि हिरवा, एवढेच रंग हं!" त्यांनी बजावले. मी गोव्याहून नेलेले लालभडक चोरीस पिशवीतच राहिले. पाहुण्यांत निम्मे शाकाहारी, तेव्हा ते योग्यच होते.

हिरव्याची सोय सोपी होती. थंडीत सुरतेत पोंक मिळतो, म्हणजे कोवळ्या ज्वारीचा हुरडा. पांढऱ्यासाठी मी एका पारशी दुकानातून टोपली पनीर आणले. दूध विरजवून त्याचे दही छोट्या बांबूच्या टोपल्यांत घालतात, मीठ लावतात, निथळू देतात आणि मग निवळीत बुडवून ठेवतात. टोपलीच्या विणीचे ठसे त्या मऊसूत गोळ्यावर उमटतात. पारशी लग्नात याला मान.

आपल्याकडे दूध नासवणे निषिद्ध होते, ते पोर्तुगीजांनी शिकवले, असे मत खाद्येतिहासकार के. टी. अचया यांनी मांडले होते. पण कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या बाराव्या शतकातल्या 'मानसोल्लास' ग्रंथात आंबट घालून दूध फाडण्याची आणि त्यापासून गोड पदार्थ करण्याची कृती आहे. तेव्हा सगळे श्रेय फिरंग्यांना देता येत नाही. टोपली पनीरची गोष्ट मात्र निराळी. ते आंबटाने फाडत नाहीत, युरोपातल्या चीजसारखे रेनेटने जमवतात. आणि जुन्या पद्धतीचे रेनेट येते जनावराच्या जठरातून.

पांढऱ्याच्या जोडीला बटासा हवाच. डचांची वखार सुरतेत सतराव्या शतकाच्या आरंभी आली. वखारीतल्या भट्टीवर पाव भाजायला त्यांनी स्थानिक माणसे ठेवली होती, आणि डच गेल्यावर ती भट्टी फरामजी पेस्तनजी दोटीवाला या पारशी गृहस्थाकडे आली, असे सांगतात. दोटीवाला बेकरी आपली स्थापना 1861 ची मानते. तेव्हा पीठ फुगवायला ताडी वापरत. शिळा पाव सुकून कडक होई, तोच लोकांना आवडला आणि बटासा जन्मला, अशी कथा आहे. आमचा पोदेर पावात माडाची सूर घालायचा, तेव्हा मला हे परके वाटले नाही.

आणखी एक धागा. कतारगाम दरवाजाजवळच्या डच दफनभूमीत हेंड्रिक व्हान ऱ्हीड याची भव्य कबर आहे. तो 1691 साली सुरतेला येताना समुद्रात वारला. 'हॉर्तुस मलाबारिकुस' हा त्याचा बारा खंडांचा वनस्पतिग्रंथ. त्याच्या पहिल्या खंडात रंगभट, विनायक पंडित आणि आपूभट या तिघा सारस्वत वैद्यांचे 1675 सालचे प्रमाणपत्र आहे, कोकणीत आणि नागरी लिपीत! आमच्या भाषेचा एवढा जुना छापील ठेवा जपणारा माणूस सुरतेच्या मातीत झोपला आहे.

असो. संध्याकाळी पाहुणे आले. ताटाचे कौतुक झाले. एका वयस्क बेननी पनीरकडे बोट दाखवून विचारले, "भाई, आमां शुं नाख्युं छे?" दुकानदार काकांनी जुन्या पद्धतीचे पनीर असल्याचे मला सांगितले होते. मित्राने डोळ्यांनी गप्प राहा म्हणून खुणावले. क्षणभर मीही अडखळलो. पण त्या बाईंच्या विश्वासाचा प्रश्न होता. मी खरे ते सांगितले. त्यांनी शांतपणे हात मागे घेतला, बटासा उचलला, वर पोंक घेतला.

लाल चोरीस मी आधीच बाजूला ठेवले होते, कारण त्यांचा रंगच बोलत होता. पांढऱ्याची मात्र मला शंकाही आली नव्हती. वहिनींनी लगेच दुसरी ताटली आणून पनीर वेगळे केले, आणि बेन निघताना म्हणाल्या, "सांगितलंत ते बरं केलंत."