जिनातली हजेरी : यवतमाळ आणि कामगार विम्याचा इतिहास

आजचा विषय ऐकायला रुक्ष आहे. विमा, प्रॉव्हिडंट फंड, ग्रॅच्युइटी. पण मी कायद्यांची यादी वाचून दाखवणार नाही. मला एका धंद्यापासून सुरुवात करायची आहे. पुण्या-मुंबईत त्याला ‘एम्प्लॉयी बेनिफिट्स ब्रोकर’ म्हणतात. हा माणूस कंपनीच्या कर्मचाऱ्यांसाठी सामूहिक आरोग्य विमा, अपघात विमा, ग्रॅच्युइटीची योजना अशा गोष्टी विमा कंपन्यांकडून घासाघीस करून आणतो. विमा एजंट हा विमा कंपनीचा माणूस. ब्रोकर हा कायद्याने ग्राहकाचा माणूस, मात्र त्याचं कमिशन येतं विमा कंपनीकडून. आपल्याकडे ब्रोकरांना परवाने द्यायचे नियम झाले २००२ साली, म्हणजे धंदा तसा नवा.

हा ब्रोकर मालकाकडे गेला की पहिली गोष्ट मागतो ती यादी. नाव, वय, पगार, कामावर लागल्याची तारीख. यादी नाही तर भाव नाही. हे लक्षात ठेवा आणि आता यवतमाळला चला.

यवतमाळ, दारव्हा, दिग्रस, पांढरकवडा, वणी. या गावांचा कारखाना म्हणजे जिन आणि प्रेस. दिवाळीच्या सुमारास कापूस यायला लागला की रेचे सुरू होतात. रुई एकीकडे, सरकी दुसरीकडे, पुढे रुईच्या गाठी. उन्हाळा आला की सगळं थंड. माणसं आणायची मुकादमाने. पैसे मालक मुकादमाला देणार, मुकादम रेजांना आणि गड्यांना. मग हजेरी कोणाकडे? मुकादमाच्या वहीत. कधी वहीतही नाही, डोक्यात! १९२९ साली नेमलेल्या व्हिटली आयोगाने, म्हणजे रॉयल कमिशन ऑन लेबरने, आपल्या अहवालात हंगामी कारखान्यांवर वेगळं प्रकरण लिहिलं. ही दुनिया गिरणीपेक्षा वेगळी आहे हे सरकारला तेव्हाच कळलेलं होतं.

गिरणीची दुनिया लांब नव्हती. नागपूरची एम्प्रेस मिल १८७७ची. जमशेदजी टाटांनी नागपूर निवडलं त्यात इथला कापूस जवळ असणं हे मोठं कारण. त्या मिलमध्ये १८८६ साली पेन्शन फंड निघाला आणि १८९५ पासून अपघाताची भरपाई द्यायला सुरुवात झाली. ही सगळी कायद्याच्या आधीची गोष्ट. कापूस तोच. गिरणीत बारा महिने तोच कामगार लागतो, त्याला टिकवून ठेवायचं असतं. जिनाला पुढच्या वर्षी दुसरी रेजा चालते.

पहिला कायदा जिनापर्यंत पोचला तो १९२३चा कामगार भरपाई कायदा. मला हा कायदा आवडतो, कारण त्याने मुकादमाच्या आडोशाला थारा दिला नाही. ठेकेदाराच्या माणसाला इजा झाली तरी भरपाईची जबाबदारी मुख्य मालकावर. रेच्यात बोटं गेली तर किती टक्के, हे अनुसूचीत लिहिलेलं. आज अंगठा गेला तर तीस टक्के, एका हाताची चारही बोटं गेली तर पन्नास टक्के असं कोष्टक आहे. या जबाबदारीची पॉलिसी मालक काढू शकतो, आणि तिचा हप्ता ठरतो माणसांच्या संख्येवर आणि अंदाजे मजुरीवर. म्हणजे नाव नसलं तरी चालतं. आता गंमत बघा. जिनाच्या आवारातल्या कापसाच्या गंजीचा आगीचा विमा असतो, कारण कर्ज देणारी बँक तो मागते. रेजेचा विमा मागणारं कोणी नसतं.

आता मुख्य मुद्दा. १९४४ साली प्रा. बी. पी. आडारकरांनी औद्योगिक कामगारांच्या आरोग्य विम्याचा अहवाल सरकारला दिला. तेव्हा व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खातं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे होतं. आडारकरांनी मोजके उद्योग धरले होते. पुढे आंतरराष्ट्रीय मजूर संघटनेच्या स्टॅक आणि राव या तज्ज्ञांनी सुचवलं की सगळे बारमाही कारखाने घ्या. बारमाही! या एका शब्दात यवतमाळ बाहेर पडलं. १९४८चा राज्य कामगार विमा कायदा, आपण ज्याला ईएसआय म्हणतो, तो हंगामी कारखाने वगळून लागू झाला. आणि हंगामी म्हणजे काय, याची जी व्याख्या त्या कायद्यात होती, तिच्यात पहिलं नाव कापूस जिनिंगचं, दुसरं प्रेसिंगचं. चहा, साखर, नीळ त्यानंतर.

असं का केलं? दुष्टपणा नव्हता. ही वर्गणीची योजना. अमुक दिवस वर्गणी भरली तर आजारपणाचा भत्ता मिळणार. चार-पाच महिने काम करणाऱ्याचा हिशोब कसा ठेवायचा, हा खरा प्रश्न होता. पण तो न सोडवता माणूसच वगळला, असं माझं मत आहे. ११ जुलै १९५४ला नागपुरात ईएसआय सुरू झाली. तेव्हा नागपूर आणि यवतमाळ दोन्ही मध्य प्रदेशात होती. गिरणी कामगाराला दवाखाना मिळाला. त्या गिरणीसाठी कापूस पिंजणाऱ्या जिनातल्या रेजेला तो नियमानेच बंद. २०२०च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ईएसआयसाठी ‘हंगामी कारखाना सोडून’ हे शब्द तसेच आहेत.

१९७२च्या ग्रॅच्युइटी कायद्याने हंगामी कामगाराला घेतलं, पण दर वेगळा. इतरांना दर वर्षामागे पंधरा दिवसांची मजुरी, याला दर हंगामामागे सात दिवसांची. शिवाय कारखाना चालू होता त्यातले पंच्याहत्तर टक्के दिवस काम केल्याचं दिसलं पाहिजे. दिसणार कुठे? परत हजेरी!

याच जिल्ह्यात दुसरं टोकही आहे. वणी तालुक्यातल्या कोळसा खाणी. कोळसा खाण भविष्य निर्वाह निधीचा कायदा १९४८चाच. १९७३ला खाणींचं राष्ट्रीयीकरण झालं, १९७५ला वेस्टर्न कोलफील्ड्स आली. खाणीच्या कायम कामगाराला निधी, दवाखाना, क्वार्टर. तिथे ब्रोकरची गरजच नाही, कारण यादी पक्की आणि मालक सरकार. ठेकेदाराकडच्या माणसाचं मात्र गाडं पुन्हा यादीपाशीच अडतं.

मग ब्रोकर जिनात का जात नाही? ईएसआयच्या बाहेरची माणसं हे तर त्याचं गिऱ्हाईक. २०१७पासून एकवीस हजारांच्या वर पगार असलेला ईएसआयबाहेर असतो, आणि शहरातल्या ब्रोकरचा बराचसा धंदा अशाच माणसांवर चालतो. एप्रिल २०२०मध्ये टाळेबंदीत कारखाने उघडायची परवानगी देताना केंद्राने कामगारांचा आरोग्य विमा सक्तीचा असेल असं लिहिलं. त्या न्यायाने जिनातल्या रेजेलाही पॉलिसी मिळायला हवी. पण हंगाम पाच महिन्यांचा, पॉलिसी वर्षाची, माणसं दर महिन्याला बदलणारी आणि हप्ता लहान. हप्त्यावर कमिशन मिळणाऱ्याला हे परवडत नाही. त्याचा दोष नाही, त्याचं गणितच तसं आहे.

याला एक वेगळं उत्तर महाराष्ट्रानेच काढलं होतं. अण्णासाहेब पाटलांच्या चळवळीतून आलेला १९६९चा माथाडी कायदा. हमालाला एक मालक नाही, रोजचा व्यापारी वेगळा. म्हणून नोंदणी मंडळाकडे, व्यापाऱ्याने मजुरी आणि वर लेव्ही मंडळात भरायची, आणि प्रॉव्हिडंट फंड, ग्रॅच्युइटी, औषधपाणी मंडळाने बघायचं. म्हणजे हजेरीची वही मालकाच्या आणि मुकादमाच्या हातून काढून तिसऱ्याकडे दिली. त्यातही कटकटी आहेत, लेव्ही बुडवणारे आहेत. पण हमाल दुकान बदलतो तेव्हा त्याचं खातं पुसलं जात नाही. रेच्यावर काम करणारी रेजा मात्र हमाल नव्हे, कारखान्याची कामगार. ती दिग्रसच्या जिनातून पुढच्या हंगामात दारव्ह्याच्या जिनात गेली, की पहिल्या दिवसापासून मोजणी नव्याने सुरू.