नांगर, ‘खबर’ आणि किर्लोस्करवाडी

१/५ विसाव्या शतकाच्या आरंभी लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर घडवला; पण तो खपेना. लोखंडाने जमीन विषारी होते, असा शेतकऱ्यांचा समज होता. माल तयार होता, विश्वास नव्हता.

२/५ १९१० साली औंधच्या राजेसाहेबांनी दिलेल्या कुंडलजवळच्या माळरानावर किर्लोस्करवाडी वसली. तो नुसता कारखाना नव्हता, कामगारांचे गावच होते. तेथे अस्पृश्यतेला थारा नव्हता.

३/५ १९२० साली लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव यांनी ‘किर्लोस्कर खबर’ सुरू केली. मूळ हेतू कारखान्याची व मालाची वार्ता लोकांपर्यंत पोहोचवण्याचा, म्हणजे जाहिरातीचाच.

४/५ पुढे तिचेच ‘किर्लोस्कर’ मासिक झाले. त्यात जातिभेद व अंधश्रद्धेवर प्रहार झाले, सावरकरांचे विज्ञाननिष्ठ निबंध आले. १९३० साली ‘स्त्री’ हे भावंडही जन्मले. ज्या समाजाला नांगर विकायचा, त्याच्याच रूढींवर बोट ठेवण्याची जोखीम या जाहिरातपत्राने पत्करली.

५/५ मालकाने वसवलेल्या गावातील सुधारणा मालकाच्या मर्जीवर किती टिकतात, हा प्रश्न उरतोच. तरीही ‘जबाबदार उद्योग’ हे शब्द जाहिरातीत दिसले, की एवढे अवश्य विचारावे: या भूमिकेपायी गिऱ्हाईक गमावण्याची यांची तयारी आहे काय?