चिऱ्याची भिंत आणि चुन्याचा हात

पणजीच्या फोंतेन्हासमध्ये फिरणाऱ्या पाहुण्याला तिथल्या घरांचे रंग म्हणजे पोर्तुगिजांची हौस वाटते. एक भिंत पिवळी, शेजारची निळी, पलीकडची तांबडी आणि दारे-खिडक्यांभोवती पांढरी किनार. फोटो काढायचे आणि पुढच्या बोळात वळायचे. पण ह्या रंगांमागे हौस थोडी आणि पाऊस फार आहे. गोव्यात चार पावसाळे काढलेल्या माणसाला हे वेगळे सांगायला नको.

आपली जुनी घरे चिऱ्यांची. चिरा म्हणजे जांभा दगड. त्याला इंग्रजी नाव दिले ते फ्रान्सिस बुकॅनन ह्या स्कॉटिश डॉक्टराने. मलबारात अंगाडीपुरमजवळ लोक हा दगड मऊ असताना कापतात, तो हवेत कडक होतो आणि मग विटेसारखा वापरतात, हे त्याने पाहिले. लॅटिनमध्ये वीट म्हणजे ‘लातेर’. त्यावरून १८०७ साली छापलेल्या आपल्या प्रवासवर्णनात त्याने ह्या दगडाला ‘लॅटेराइट’ म्हटले. म्हणजे नावाच्या अर्थाने पाहिले तर आपण सगळे विटांच्याच घरात राहतो!

चिरा उन्हाला खंबीर, पण पाण्यापुढे हळवा. अंगभर छिद्रे, त्यामुळे पाणी शोषतो. त्यात जुन्या घरांत सांध्यांना पुष्कळदा नुसती माती. आणि गोव्यात वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस, तोही बहुतेक चार महिन्यांत. उघडी भिंत अशा माऱ्यात किती टिकणार? म्हणून गिलावा आणि गिलाव्यावर चुन्याचा हात. आपल्याकडे चुनखडीच्या खाणी नसल्या म्हणून अडले नाही. नद्या आणि खाड्या शिंपल्यांनी भरलेल्या होत्या. शिंपले भट्टीत भाजायचे, पाण्यात विरवायचे, की चुना तयार.

ह्या चुन्याची गंमत अशी, की भिंतीवर बसल्यावर तो हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढून घेतो आणि पुन्हा मूळ शिंपल्याच्याच द्रव्याचा होतो. भिंतीवर जणू पातळ शिंपलाच चढतो. पण हा शिंपला श्वास घेऊ देतो. भिंतीत शिरलेली ओल वाफ होऊन बाहेर पडते. दर पावसाळ्यात तो थोडा झिजतो, शेवाळ धरतो, काळवंडतो. झिजावा म्हणूनच तो असतो, कारण त्याच्या जागी चिरा झिजत नाही.

त्यामुळे पाऊस सरला की पुन्हा हात मारणे आलेच. हिंदू घरांत ते काम दिवाळीच्या आधी उरकायचे, ख्रिस्ती घरांत गावच्या फेस्ताच्या नाहीतर नाताळाच्या आधी. चवथीला आतल्या खोल्या होत, पण बाहेरची भिंत भर पावसात कोण रंगवणार? पोर्तुगीज अमदानीत तर शहरातल्या घरमालकाला दरवर्षी पावसानंतर घर रंगवावेच लागे, आणि भिंतभर पांढरा रंग चर्च-कपेलांसाठी राखून ठेवलेला असे, असे जुने पणजीकर सांगत आले आहेत. सगळ्यांत स्वस्त आणि सोपा रंग पांढराच. तोच नाही म्हटल्यावर चुन्यात काहीतरी कालवणे भाग होते.

काय कालवणार? चुना जहाल. पानाफुलांचे बहुतेक रंग तो खाऊन टाकतो. मातीचे रंग मात्र त्यात टिकतात. म्हणून पिवळी माती, तांबडी काव आणि निळ्यासाठी कपड्यांना घालायची नीळ. फोंतेन्हासच्या रंगांची पेटी मुळात एवढीच आहे. आणि ती पांढरी किनार? दार-खिडकीपुरता पांढरा चालत होता, एवढेच. ज्याला आज आपण ‘गोव्याची खास शैली’ म्हणतो, ती बाजारात काय मिळत होते आणि सरकार काय चालू देत होते ह्यांतून घडली आहे. सरकारी कचेरीत इतकी वर्षे काढल्यावर मला ह्याचे मुळीच आश्चर्य वाटत नाही.

नव्या काबिजादींची गोष्ट वेगळी. फोंडा १७६३ च्या सुमारास आणि पेडणे १७८८ मध्ये पोर्तुगिजांकडे आले. तोवर तिथे देवळांच्या भिंतींची स्वतःची रीत रुजली होती. शिंपल्यांचा चुना, वाळू आणि गूळ आंबवून गिलावा करायचा, त्यावर कावेचा तांबडा थर द्यायचा आणि तो ओला असतानाच टोकदार हत्याराने कोरून खालचा पांढरा उघडा करायचा. हीच कावी कला. मोरजीच्या मोरजाई देवळात ती पाहायला मिळते. तांबडे आणि पांढरे, दोनच रंग, आणि दोन्ही भिंतीचाच भाग. चिऱ्याच्या प्रदेशातली तांबडी मातीच देवळाच्या भिंतीवर वेल-पाने होऊन चढली. फोंतेन्हासचे जेवढे कौतुक होते त्याच्या चौथाईने जरी कावीचे झाले असते, तरी जीर्णोद्धाराच्या नावाखाली कित्येक भिंतींवर ऑइलपेंट आणि टाइल्स चढल्या नसत्या.

चुना काढला तर काय होते, हे पाहायचे असेल तर जुने गोवे गाठा. बॉम जेझूस बासिलिकेचे बांधकाम १५९४ मध्ये सुरू झाले आणि १६०५ मध्ये तिचे पवित्रीकरण झाले. दर्शनी भाग सोडला तर तिच्या भिंतींना चुन्याचा गिलावा होता. १९५० च्या दशकात बाल्ताझार काश्त्रु ह्या पोर्तुगीज वास्तुविशारदाच्या देखरेखीखाली तो खरवडून काढला गेला. वास्तू प्राचीन दिसावी, हा त्यामागचा विचार. दिसलीही. आज पोस्टकार्डावर, शाळेच्या पुस्तकात, सगळीकडे तीच तांबडी उघडी बासिलिका आहे, आणि ती अशीच बांधली गेली अशी बहुतेकांची खात्री आहे. पण तेव्हापासूनचे सगळे पावसाळे तो चिरा उघड्या अंगाने सोसतो आहे. गिलावा पुन्हा चढवावा, अशी मागणी २०२० मध्ये बासिलिकेच्या रेक्टरांनीच जाहीरपणे केली. त्यावर ‘आमची ओळख पुसू नका’ म्हणणारेही निघाले. मला विचाराल तर मी रेक्टरांच्या बाजूचा. जी ओळख पावसात विरघळते आहे, ती जपण्यासाठी तिच्यावर छत्री धरायला नको का? समोरच्या से कॅथेड्रलला चुना आहे, म्हणून तिचे जुनेपण काही उणावलेले नाही.

घरांचे मात्र उलटे झाले. मुक्तीनंतर सिमेंट मुबलक झाले, आखातातून पैसा आला आणि रंगांच्या डब्यांवर ‘दहा वर्षे चिंता नको’ असे छापून येऊ लागले. चिऱ्यावर सिमेंटचा गिलावा आणि त्यावर प्लास्टिक पेंट म्हणजे भिंतीला रेनकोट घालून त्याची बटणे शिवून टाकण्यासारखे. खालून जमिनीची आणि वरून कौलांची ओल आत शिरते, बाहेर पडायला वाट नाही. मग लोणा फुलतो, पापुद्रे निघतात आणि मालक पुन्हा पेंटच्या दुकानात.

ज्यांची जुनी चिऱ्याची घरे अजून उभी आहेत आणि ह्या वर्षी बाहेरून रंगवायचा विचार आहे, त्यांनी आधी एखाद्या आडोशाच्या कोपऱ्यात, वसरीच्या खांबामागे वगैरे, सुरीने हळूच खरवडून पाहावे. थरांखाली थर निघतील, आणि पोपटी, गुलाबीच्या खाली बहुधा पिवळी माती नाहीतर नीळ सापडेल. आजोबांच्या वेळचा रंग कोणता, हे कॅटलॉगात शोधायची गरज नाही. पेंटचे सुटलेले पापुद्रे काढा, सिमेंट पोकळ वाजत असेल तिथे तेही काढून चुन्याचा गिलावा करा. भिंत सुकायला पावसानंतर थोडे दिवस द्या. मग सकाळी किंवा उन्हे उतरल्यावर भिंतीवर पाणी मारून पातळ चुन्याचे तीन हात द्या. त्यात थोडा डिंक किंवा तांदळाची पेज घातली की हाताला पांढरे लागत नाही.

आणि एक. ओला चुना आधी पाणचट दिसतो आणि त्यातली माती भलतीच गडद. सुकला की चुना भरतो आणि रंग उजळतो. तेव्हा पहिल्याच संध्याकाळी रंगाऱ्यावर ओरडू नका.