जागा घ्यायला दुसरी होती कोण?

लोणी भापकरच्या मल्लिकार्जुन मंदिरापुढच्या पुष्करणीत अजून अंधार असतो, तेव्हाच रस्त्यावर मुली पळायला लागलेल्या असतात. पोलीस भरतीची तयारी चाललेली असते. मुलींना ८०० मीटर, १०० मीटर आणि गोळाफेक. एकजण मोबाईलवर वेळ लावून उभी राहते, बाकीच्या पळून आल्या की गुडघ्यांवर हात टेकून आधी सेकंद विचारतात आणि मग श्वास घेतात. या मुलींना मी एकदा ओइनाम बेमबेम देवीची गोष्ट सांगत होतो. मणिपूर पोलिसांत नोकरी करून ती भारताकडून १९९५ ते २०१६ अशी एकवीस वर्षं फुटबॉल खेळली. शेजारी बसलेले एक जाणते गृहस्थ म्हणाले, “एकवीस वर्षं खरी, पण जागा घ्यायला दुसरी होती कोण? आणि सामने किती? शंभरसुद्धा नाहीत.”

हे मत त्यांच्या एकट्याचं नाही. पुण्यातल्या शिकल्या-सवरलेल्या क्रीडाप्रेमींकडूनही मी ते ऐकलं आहे. म्हणून आधी हा पूर्वपक्ष त्याच्या पुऱ्या ताकदीनिशी मांडतो. पुरुषांच्या फुटबॉलमध्ये एका जागेमागे हजारो जण रांगेत असतात, तिथं दहा वर्षं टिकणं ही कमाई. बायकांच्या फुटबॉलमध्ये रांगच नाही. पंधराव्या वर्षी मुलगी थेट देशाच्या संघात येते, यावरूनच स्पर्धेची खोली कळते. तेव्हा दीर्घ कारकीर्द हे गुणाचं लक्षण नसून रिकाम्या मैदानाचं लक्षण आहे.

वयाचा मुद्दा लगेच निकालात निघतो. पेले १९५७ साली ब्राझीलकडून पहिल्यांदा खेळला तेव्हा सोळा वर्षांचा होता. ब्राझीलमध्ये त्या वेळी फुटबॉलपटूंचा दुष्काळ होता, असं कुणी म्हणत नाही.

रांगेचा मुद्दा मात्र सावकाश पाहायला हवा. खेळणाऱ्या मुली कमी होत्या, हे मी मान्य करतो. पण त्यातून निघणारा निष्कर्ष चुकतो. स्पर्धा नव्हती म्हणून बेमबेम टिकली असेल, तर ती सवलत तिच्या एकटीला नव्हती. १९९५ च्या संघातल्या प्रत्येकीला होती. मग २०१६ च्या फेब्रुवारीत शिलाँगला दक्षिण आशियाई स्पर्धेच्या अंतिम सामन्यात भारतानं नेपाळला ४-० असं हरवलं, तेव्हा जुन्या मैत्रिणींपैकी तिच्यासोबत दुसरी कुणी का नव्हती? हेतू हजर आणि साध्य गैरहजर, यालाच आपले नैयायिक सव्यभिचार हेतू म्हणतात. धूर दाखवून आग सिद्ध करता येते. पण इथं जे दाखवलं जातं ते विझलेल्या चुलीवरही दिसतं.

खरी गोष्ट उलटी आहे. जिथं पैसा असतो तिथं खेळाडू अडतीस वर्षांपर्यंत रेटतो, कारण थांबलं की उत्पन्न थांबतं. जिथं पैसा नसतो तिथं लग्न, नोकरी किंवा दुखावलेला गुडघा यांतलं काहीही एक पुरतं. रिकाम्या मैदानावर टिकणं जास्त अवघड. शिवाय मैदान सगळीकडे रिकामं नव्हतंच. राष्ट्रीय महिला स्पर्धेची सर्वांत जास्त विजेतेपदं मणिपूरकडे आहेत. अशा राज्याच्या संघात जागा राखायची म्हणजे रोज शेजारणींशी झुंजायचं. लहानपणी मुलांत खेळायला मिळावं म्हणून तिनं ‘बोबो’, ‘आमको’ अशी नावं सांगितली होती. आयती जागा मिळणाऱ्या मुलीला नाव बदलावं लागत नाही.

आता सामन्यांची संख्या. इथं मला थोडं चिडून लिहावंसं वाटतं. सामने खेळाडू ठरवत नाही, संघटना ठरवते. २००९ साली भारताच्या महिला संघाचं नाव फिफाच्या क्रमवारीतून काढलं गेलं, कारण दीड वर्षाहून जास्त काळ संघ एकही सामना खेळला नव्हता. त्या काळात बेमबेम ऐन भरात होती. त्या दीड वर्षाची नोंद तिच्या आकड्यांत कोरी आहे. सराव मात्र कोरा नव्हता, नाहीतर पुढं २०१० च्या ढाक्याच्या दक्षिण आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकणाऱ्या संघात ती दिसली नसती. किंवा आपल्या दाराशी घडलेलं बघा. २०२२ चा आशियाई चषक मुंबई, नवी मुंबई आणि पुण्यात झाला. यजमान भारत इराणशी ०-० बरोबरीत सुटला, मग संघात कोविड पसरला, चिनी तैपेईविरुद्ध उतरायला पुरेशा खेळाडू उरल्या नाहीत, संघ बाहेर गेला आणि इराणबरोबरचा सामनाही हिशेबातून पुसला गेला. नव्वद मिनिटं धावलेल्या पायांना विचारा, तो सामना झाला की नाही.

१९९५ सालीच आणखी एक मुलगी मोठ्या मैदानात आली, ब्राझीलची फोर्मिगा. सतराव्या वर्षी ती विश्वचषकात उतरली आणि पुढं सात विश्वचषक खेळली. तिच्या देशात बायकांच्या फुटबॉलवर १९४१ पासून कायद्यानं बंदी होती. ती उठली १९७९ साली, फोर्मिगाच्या जन्मानंतर वर्षभरानं. पण बंदी उठल्यावर देशानं तिला खेळवलं, म्हणून तिचे सामने दोनशेच्या पुढं गेले. तिचा निरोपाचा सामना नोव्हेंबर २०२१ मध्ये मनाऊसला झाला, आणि समोर होता भारत. भारत ६-१ असा हरला, एक गोल मनीषा कल्याणनं केला. ज्या देशाच्या मुलींशी खेळून फोर्मिगा निवृत्त झाली, त्या देशात तोवर एकाही बाईचे शंभर सामने झाले नव्हते. तो टप्पा २०२४ साली काठमांडूत आशालता देवीनं गाठला. शंभराचा आकडा भारताला इतका उशिरा दिसला, याचा जाब बेमबेमला विचारायचा?

“दुसरी कोण होती” या प्रश्नात विस्मरणही आहे. १९८० साली कालिकतला आणि १९८३ साली बँकॉकला भारताच्या मुली आशियात उपविजेत्या ठरल्या. त्याच १९८३ मध्ये शांती मल्लिकला अर्जुन पुरस्कार मिळाला. त्यानंतर एखाद्या महिला फुटबॉलपटूला तो मिळायला २०१७ उजाडलं, आणि तो बेमबेमला मिळाला. चौतीस वर्षं देशाचं लक्ष नव्हतं. लक्ष नसणं आणि माणसं नसणं यांत फरक आहे.

राहता राहिला नेहमी ऐकू येणारा आणखी एक आक्षेप, “हा खेळ आपल्याकडचा नाही”. कोल्हापुरात कुस्तीच्या तालमींच्या नावानंच फुटबॉलचे संघ उतरतात. पाटाकडील, खंडोबा ही तालमींचीच नावं. गडहिंग्लजजवळच्या बेकनाळची अंजू तुरंबेकर भारतीय फुटबॉल महासंघात मुलांच्या प्रशिक्षणाचं काम पाहण्यापर्यंत पोचली. आणि लोणीकरांना इतक्या लांब जायलाही नको. नीरा नदीपलीकडच्या आसू गावची वैष्णवी फाळके भारताकडून हॉकी खेळली. हॉकी कुठं आपल्या मातीतली होती? शिकवणारं कुणीतरी मिळालं, एवढंच.

हे सगळं मी त्या गृहस्थांना त्याच दिवशी सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मुली पुन्हा पळायला गेल्या होत्या. मग त्यांनी विचारलं, “आणि नंतर ती घरीच बसली का?”

नाही. देशाकडून ती थांबली २०१६ साली. भारतात महिलांची राष्ट्रीय लीग सुरू झाली त्याच्या पुढच्या वर्षी. पहिली लीग इम्फाळच्या ईस्टर्न स्पोर्टिंग युनियननं जिंकली. त्या संघाची खेळाडू-व्यवस्थापक बेमबेम होती.