इट्स अपटाउन

‘इट्स अपटाउन’ हा अमेरिकन जॅझ गिटारवादक आणि गायक जॉर्ज बेन्सन याचा कोलंबिया रेकॉर्ड्सने 1966 मध्ये प्रकाशित केलेला अल्बम. पिट्सबर्ग येथे 1943 मध्ये जन्मलेल्या बेन्सनने लहानपणीच गायक म्हणून ध्वनिमुद्रण केले होते. पुढे ऑर्गनवादक जॅक मॅकडफ यांच्या वाद्यवृंदात त्याचा गिटारवरील हात तयार झाला आणि 1964 मध्ये प्रेस्टीज कंपनीने त्याचा पहिला अल्बम काढला.

कोलंबियात त्याला आणले ते निर्माते जॉन हॅमंड यांनी. बिली हॉलिडे आणि बॉब डिलन यांच्यातले गुण हेरणारे हेच हॅमंड. बेन्सनच्या चौकडीत ऑर्गनवर लॉनी स्मिथ, बॅरिटोन सॅक्सोफोनवर रॉनी क्यूबर आणि ड्रम्सवर जिमी लव्हलेस होते. या संचात वेगळा बासवादक नाही. बासची बाजू ऑर्गनच सांभाळतो. त्यावर ब्लूजच्या वळणाचे वेगवान गिटारवादन आणि बॅरिटोनचा खर्जातला भरदार सूर यांमुळे अल्बमला त्या काळच्या क्लबांतला जोम लाभला.

बहुतेक रचना वाद्यसंगीताच्या आहेत. मात्र ‘समरटाइम’, ‘अ फॉगी डे’ यांसारखी परिचित गीते बेन्सनने स्वतः गायली. त्यानंतर याच धर्तीवर ‘द जॉर्ज बेन्सन कुकबुक’ हा अल्बम आला. गायक म्हणून त्याला व्यापक लोकप्रियता मिळाली ती 1976 च्या ‘ब्रीझिन’मुळे, वादन आणि गायन यांच्या त्या मेळाची पूर्वतयारी ‘इट्स अपटाउन’मध्ये स्पष्ट दिसते.