दिनविशेष : ११ डिसेंबर
उपदेश नको, ऐकून घ्या

१९४० : अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांनी मानसोपचारातील नव्या विचारांवर व्याख्यान दिले. समोरच्याला उपदेशाचे डोस पाजण्याच्या रीतीवर त्यांनी नेमके बोट ठेवले आणि श्रोत्यांत खळबळ उडाली. उपदेशाऐवजी ऐकून घेण्यावर भर देणाऱ्या व्यक्तिकेंद्री समुपदेशनाचा जन्मदिवस म्हणून पुढे हीच तारीख रूढ झाली.

१९४२मध्ये आलेल्या आपल्या पुस्तकात तर त्यांनी एका तरुणाच्या समुपदेशनाच्या आठ सत्रांतील ध्वनिमुद्रित संवाद शब्दशः छापला.

या विचारधारेची आंतरराष्ट्रीय परिषद १९८८मध्ये बेल्जियममधील लूव्हेन येथे भरली, तेव्हा रॉजर्स हयात नव्हते. ४ फेब्रुवारी १९८७ रोजी त्यांचे निधन झाले होते.

असेच कुणी ऐकून घ्यावे आणि मन मोकळे करावे असे वाटत असेल, तर इंदापूर-बारामतीतूनही ‘टेली-मानस’ या मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर चोवीस तास मराठीत बोलता येते.